गोठा, कुरण आणि शेणातले किडे : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच गोंधळ वेगवेगळ्या शब्दांत आला आहे. जनावर निरोगी ठेवायचे म्हणजे भरपूर औषध, आणि माती-पाखरे जपायची म्हणजे औषध पूर्ण बंद, अशी दोन टोके धरून लोक बसले आहेत. जनावराच्या पोटात जे जाते त्यातले बरेचसे शेणामुतावाटे कुरणात उतरते आणि तिथून किड्यांत, पाखरांत, मातीत पोहोचते. हे एकदा नीट समजले की औषध केव्हा द्यायचे आणि केव्हा नाही, हे ठरवणे सोपे जाते. पत्रे लांब होती. प्रश्न मी आटोपशीर केले आहेत.

प्रश्न : एका हेक्टरवर किती गायी ठेवाव्यात?

हेक्टरवर नाही, चाऱ्यावर मोजा. जनावर दिवसाला आपल्या वजनाच्या साधारण अडीच ते तीन टक्के कोरडा चारा खाते. ४०० किलोच्या गायीला १० ते १२ किलो लागतो. कुरणात वर्षाला किती चारा तयार होतो ते जवळच्या चारापीक तज्ज्ञाच्या मदतीने कापून, वाळवून, वजन करून मोजा. त्यातला निम्माच जनावरांचा धरा आणि मग भागाकार करा. दुसऱ्याच्या रानातला आकडा उचलू नका.

प्रश्न : कुरणाचे कप्पे पाडले, जनावरे रोज पुढच्या कप्प्यात हलवतो. प्रशिक्षणात सांगितले होते की रोज हलवले की गवत आपोआप दाट होते. दोन वर्षे झाली, गवत विरळच होत चालले आहे. चूक कुठे?

जनावरे रोज हलवल्याने गवत दाट होत नाही. ते दाट होते विश्रांतीने. कप्प्यातून जनावरे बाहेर पडली त्या दिवसापासून पुन्हा आत जाईपर्यंत किती दिवस गेले आणि त्या दिवसांत गवत खरोखर सावरले का, हा प्रश्न आहे. तुमच्या पत्रात हलवण्याचे वेळापत्रक आहे, विश्रांतीचा उल्लेखच नाही.

गवताचे पान खाल्ले की त्याची झळ मुळांना बसते. अमेरिकेत फ्रँकलिन क्रायडर यांनी १९५५ मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पाल्याचा ४० टक्क्यांपर्यंत भाग कापला तेव्हा मुळांची वाढ चालू राहिली. निम्म्याच्या पुढे कापत गेल्यावर ती झपाट्याने थांबू लागली आणि ८० टक्के कापल्यावर पूर्ण थांबली, तीही बरेच दिवस. म्हणून निम्मे खा, निम्मे ठेवा, असे चराईत सांगतात. ते निम्मे गवत वाया जात नाही. त्यावर नवी वाढ होते, जमीन झाकलेली राहते, पावसाच्या थेंबाचा मार मातीला बसत नाही, आणि टिटवी-चंडोलासारख्या जमिनीवर राहणाऱ्या पाखरांना आडोसा मिळतो.

आता कप्प्यात जाऊन खाली वाका. एक फुटवा बोटांत धरा आणि चराईनंतर आलेली नवी पाने मोजा. बऱ्याच चाऱ्याच्या गवतांत तीन-चार नवी पाने पूर्ण उमलली की रोपाने साठा पुन्हा भरलेला असतो. त्याआधी जनावर सोडले तर ते रोप उधारीवर जगते, आणि असे दोन-तीनदा झाले की मरते. उबदार, ओल्या हंगामात ही पाने तीन-चार आठवड्यांत येतील. कोरड्या किंवा थंड हंगामात काही महिने लागतील. एकच तक्ता वर्षभर वापरता येत नाही, आणि असे तक्ते विकणारे शिबिरात हे सांगत नाहीत. जनावरांची संख्याच चाऱ्यापेक्षा जास्त असेल तर कोणतीही फिरती चराई कुरण वाचवू शकत नाही, हेही ते सांगत नाहीत. गवताच्या जाती ओळखू शकेल अशा माणसाला एकदा रानात फिरवून आणा आणि प्रत्येक जातीसाठी किती इंच पाला मागे सोडायचा ते लिहून घ्या.

प्रश्न : दर तीन महिन्यांनी सगळ्या जनावरांना जंताचे औषध देतो. आता कोणी सांगितले की त्याने शेणातले किडे मरतात. मरू देत की! माश्याही कमी होतील. यात नुकसान काय?

नुकसान मोठे आहे, आणि हा समज सर्वांत जास्त पसरलेला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

शेणाचा ताजा पो पडला की काही मिनिटांत माश्या येतात. त्यांच्या मागोमाग शेणभुंगे येतात. काही भुंगे शेणातच राहून तिथेच अंडी घालतात, काही पोच्या खाली बोगदे खणून शेण जमिनीत ओढून नेतात, तर काही गोळा वळून तो ढकलत दूर नेऊन पुरतात. यांच्याबरोबर माश्यांच्या अळ्यांवर जगणारे शिकारी भुंगेही शेणात येतात. शेणभुंग्यांच्या अंगावर बसून बारीक कोळीकिडे येतात आणि ते माश्यांची अंडी फस्त करतात. माशीचा बंदोबस्त शेणातच होत असतो. शेण विषारी झाले तर माश्याही मरतात, पण माशी बाहेरून पुन्हा येते आणि तिची पिढी दोन-तीन आठवड्यांत तयार होते. शेणभुंग्यांच्या कितीतरी जातींची वर्षाला एकच पिढी होते आणि मोठ्या बोगदेवाल्या जातींची मादी मोजकीच पिले वाढवते. त्यामुळे माश्या परततात, भुंगे लवकर परतत नाहीत, आणि पुढच्या हंगामात माश्या पूर्वीपेक्षा वाढू शकतात.

गाय दिवसाला दहा-बारा पो टाकते. ते जमिनीत गेले नाहीत तर महिनोन्‌महिने तसेच पडून राहतात. खालचे गवत मरते, भोवतालच्या गवताला जनावर तोंड लावत नाही, आणि शेणातला नत्र अमोनिया होऊन हवेत उडतो. भुंग्यांनी तेच शेण काही दिवसांत जमिनीत नेले तर नत्र मुळांशी पोहोचतो, बोगद्यांतून पाणी मुरते, आणि त्यांच्या मागून गांडुळे येतात. मुख्य म्हणजे जंतांच्या अळ्यांना वाढायला लागणारे ओलसर शेणच शिल्लक राहत नाही. ज्या जंतांसाठी तुम्ही दर तीन महिन्यांनी औषध पाजता, त्यांची संख्या कमी करणारे मदतनीस त्याच औषधाने मरतात.

याचा पुरावा ऑस्ट्रेलियात मिळाला. तिथले भुंगे कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले होते. १७८८ पासून आलेल्या गुरांचे पातळ शेण त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. पो कुरणांवर साचत गेले आणि माश्या अनावर झाल्या. जॉर्ज बोर्नेमिसा या कीटकतज्ज्ञांनी हे ओळखले आणि सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने १९६० च्या दशकात आफ्रिका व युरोपातून भुंगे आणून, विलगीकरणात तपासून सोडायला सुरुवात केली. पुढच्या दोन दशकांत सोडलेल्या ४३ जातींपैकी २३ तिथे रुजल्या. पाळलेल्या गुरांपाठी शेणाचे भुंगे लागतातच, हे एका देशाला इतक्या खर्चाने शिकावे लागले. (कृपा करून हे वाचून कुठून तरी भुंगे मागवू नका. तुमच्या भागात स्थानिक जाती असतात. त्यांना मारणे थांबवले की त्या येतात.)

पाखरांचेही पोट यावर आहे. भुंगे आणि शेणातल्या अळ्या हे कुरणावरच्या कितीतरी पक्ष्यांचे खाद्य आहे. ब्रिटनमध्ये मोठ्या हॉर्सशू वटवाघळाची पिले उडून शिकार करायला शिकतात तेव्हा शेणातल्या लहान भुंग्यांवरच बरीचशी वाढतात. म्हणून तिथे या वटवाघळांच्या वसाहतींभोवती गुरे चरती ठेवा आणि जंतनाशक जपून वापरा, असे सांगितले जाते.

आता औषधाबद्दल. आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक १९८१ मध्ये जनावरांसाठी बाजारात आले. त्याचा शोध लावणाऱ्या विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ मध्ये नोबेल मिळाले, ते योग्यच होते. माझा राग औषधावर नाही. तपासणी न करता, दिनदर्शिका पाहून, सगळ्या कळपाला ते देण्यावर आहे. हे औषध शरीरात फारसे मोडत नाही. बहुतेक भाग शेणावाटे जसाच्या तसा बाहेर पडतो आणि तिथे भुंग्यांच्या अळ्यांची वाढ थांबवतो. पहिल्या काही दिवसांच्या शेणात सर्वाधिक, पण औषधाच्या प्रकारानुसार हा परिणाम काही आठवडे टिकतो. पोटात राहून हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या काही महिने शेण विषारी ठेवतात. गोचीड-माशीसाठी पाठीवर ओततात ती डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन वर्गातली औषधेही भुंग्यांना घातक आहेत.

दुसरे नुकसान थेट तुमच्या कळपाचे. कळपातले बहुसंख्य जंत थोड्याच जनावरांच्या पोटात असतात; ढोबळ हिशेब असा की वीस टक्के जनावरांत ऐंशी टक्के जंत. सगळ्यांना एकदम औषध दिले की वाचतात ते फक्त औषधाला न जुमानणारे जंत, आणि पुढची सगळी पैदास त्यांचीच. शेळ्या-मेंढ्यांतला रक्तपित्या जंत, ज्याची एक मादी दिवसाला पाच हजारांहून अधिक अंडी घालते, अनेक देशांत एकाहून अधिक औषधगटांना दाद देईनासा झाला आहे. औषध देऊन लगेच ताज्या, स्वच्छ कुरणात सोडायची पद्धत यात भर घालते, कारण त्या कुरणात मग फक्त वाचलेल्या हट्टी जंतांचीच अंडी पडतात.

म्हणून करायचे काय? आधी शेण तपासा. एका ग्रॅममागे जंतांची किती अंडी आहेत हे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येते. शेळ्या-मेंढ्यांत डोळ्याच्या खालच्या पापणीच्या आतला रंग पाहून रक्त किती उरले आहे ते ठरवणारा पाच पायऱ्यांचा ‘फामाचा’ (FAMACHA) नावाचा तक्ता आहे. तो दक्षिण आफ्रिकेत तयार झाला आणि रक्तपित्या जंतासाठी उत्तम आहे, पण तो वापरायला पशुवैद्यकाकडून शिकून घ्या. गरज दिसेल त्याच जनावराला औषध द्या आणि वजन करून पूर्ण मात्रेत द्या. अंदाजाने कमी दिलेली मात्रा जंतांना औषधाची सवय लावते. औषध दिलेले जनावर डॉक्टर सांगतील तितके दिवस बांधून ठेवा आणि ते शेण कुरणात न टाकता वेगळे कुजवा. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा शेण तपासा. अंडी पंचाण्णव टक्क्यांहून कमी घटली असतील तर ते औषध तुमच्या कळपात थकले आहे. नव्याने विकत आणलेल्या जनावराला मात्र अपवाद. त्याला आधी वेगळे ठेवा, डॉक्टरांनी सांगितलेले औषध द्या, तपासा, मगच कळपात सोडा.

बेंझिमिडाझोल गटातली (उदा. अल्बेंडाझोल) आणि लेव्हॅमिसोलसारखी जंतनाशके भुंग्यांना बरीच कमी अपायकारक आहेत. हे वाचून दुकानात जाऊन औषध बदलू नका. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत दिले तर गर्भाला व्यंग होऊ शकते. लेव्हॅमिसोलची योग्य मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर कमी आहे. शेळीला मेंढीची मात्रा लागू पडत नाही. निवड पशुवैद्यकाचीच असली पाहिजे, आणि निवड करताना त्यांना ‘शेणातल्या किड्यांना कमी घातक काय?’ हे आवर्जून विचारा. ‘जंत नसले तरी टॉनिक म्हणून द्या, अंगावर चमक येते’ असे सांगणारा विक्रेता आला तर त्याला परत पाठवा.

तुमचे कुरण कुठे उभे आहे ते पाहायचे असेल तर दोन-तीन दिवसांचा पो काठीने उलटा. जिवंत कुरणात वरच्या सालीवर टाचणीच्या डोक्यापासून हरभऱ्यापर्यंतच्या आकाराची भोके दिसतात, आत शेण भुसभुशीत झालेले असते, आणि खाली ताज्या उकरलेल्या मातीचे ढिगारे असतात. महिना उलटूनही पो वाळलेल्या पुठ्ठ्यासारखा अख्खा उचलला जात असेल आणि खालचे गवत पिवळे पडलेले असेल, तर गेल्या वर्षभरातली औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : शेणाखाली आणि खताच्या ढिगात जाड पांढऱ्या अळ्या दिसतात. ही हुमणीच ना? कीटकनाशक ओतू का?

ओतू नका, आधी ओळखा. पांढरी, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली प्रत्येक अळी हुमणी नसते. मुळे कुरतडणारी हुमणी पिकाच्या किंवा गवताच्या मुळांशी मातीत सापडते. खताच्या ढिगातल्या बऱ्याच अळ्या कुजका पाला खाऊन त्याचे खत करणाऱ्या भुंग्यांच्या असतात. त्यांतल्या काही सपाट जागेवर ठेवल्या की पाठीवर उलटून पाठीनेच सरपटत जातात, हुमणी तसे करत नाही. शेणभुंग्याची अळी सहसा पोच्या खालच्या बोगद्यात, शेणाच्या गोळ्यात बंद असते आणि तिच्या पाठीला कुबड असते. दोन-तीन अळ्या डबीत घालून कीटकतज्ज्ञाला दाखवा. तोवर बाटलीचे झाकण उघडू नका.

प्रश्न : किड्यांसाठी म्हणून मी सर्व औषधे बंद केली. एका मेंढीच्या जबड्याखाली आठ दिवसांपासून पाण्यासारखी सूज आहे, ती मलूल आहे. ओळखीच्यांनी झाडपाल्याचा काढा सांगितला आहे, तो किती दिवस द्यावा?

काढा नको. आजच पशुवैद्यकाला बोलवा. जबड्याखाली पाणी उतरणे हे बहुधा जंतांनी किंवा यकृतातल्या चपट्या कृमींनी रक्त व प्रथिने संपवल्याचे लक्षण असते, आणि अशी मेंढी एकाएकी मरू शकते. पापणी उलटून पाहा. पांढरीफटक असेल तर तासही दवडू नका. इतर मेंढ्याही तपासून घ्या.

आठ दिवस वाट पाहिलीत याचे मला फार वाईट वाटले. किडे वाचवायचे म्हणजे आजारी जनावराला औषध नाकारायचे, असे मी कधीही लिहिलेले नाही. एका मेंढीच्या काही दिवसांच्या शेणाने कुरण बिघडत नाही. तिला वेगळी बांधा, औषध द्या, शेण बाजूला काढा.

प्रश्न : गायबगळे गोचिड खातात, तेव्हा गोचिडांसाठी काहीच करायची गरज नाही, असे वाचले. खरे का?

नाही. गायबगळा गुरांच्या पायांनी उडालेले नाकतोडे आणि इतर किडे खातो. गोचीड त्याच्या आहाराचा छोटा भाग आहे. बगळे येऊ द्या, गोचिडांचा बंदोबस्त डॉक्टरांच्या सल्ल्याने वेगळा करा. गोचिडांतून येणारा ताप जनावराला मारतो.

प्रश्न : माती जिवंत करणारे जिवाणू म्हणून बाटली मिळते. कुरणावर फवारू का?

पैसे घालवू नका. चिमूटभर चांगल्या मातीतही कोट्यवधी जिवाणू आधीच असतात; कमी पडते ते त्यांचे खाणे, म्हणजे जिवंत मुळे, पालापाचोळा, शेण आणि ओल. ते द्या. एकच अपवाद : ज्या जमिनीत पूर्वी कधी न लावलेले शेंगवर्गीय चारापीक पेरायचे आहे, तिथे त्या पिकाचे नेमके रायझोबियम (मुळांच्या गाठींत राहून हवेतला नत्र पिकाला देणारे जिवाणू) बियाण्याला चोळणे फायद्याचे असते. तेही माती तपासणी करून.

प्रश्न : म्हातारी गाय फार लंगडते. घरात माणसांसाठीचे दुखण्याचे इंजेक्शन शिल्लक आहे, तेच दिले तर?

देऊ नका. ते डायक्लोफेनॅक असेल तर अजिबात नाही.

१९९० च्या दशकात दक्षिण आशियातली गिधाडे अचानक संपू लागली. तीन जातींची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४ मध्ये सिद्ध झाले : हे औषध दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात आणि ते काही दिवसांत मरते. भारत, नेपाळ आणि पाकिस्तानने २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद केले. तरीही माणसांसाठीचे औषध जनावराला टोचण्याची पळवाट लोक वापरत राहिले, म्हणून मी इतके कडक लिहिते. किटोप्रोफेन हे दुसरे वेदनाशामकही गिधाडांना मारते. मेलॉक्सिकॅम गिधाडांसाठी सुरक्षित ठरले आहे आणि जनावराच्या दुखण्यावर गुणकारी आहे, पण गाय का लंगडते हे पाहिल्याशिवाय तेही नको. खुरातली जखम वेदनाशामकाने झाकली जाईल, बरी होणार नाही.

गायीचे आयुष्य डॉक्टरांच्या हातून वेदनारहित संपवायची वेळ आली तर तिचे शव उघड्यावर ठेवू नका. त्यासाठी वापरतात ते बार्बिट्युरेट (तीव्र गुंगीचे औषध) शवात टिकते आणि ते खाणारे प्राणी-पक्षी मरतात. खोल पुरा, पाण्याच्या स्रोतापासून दूर.

प्रश्न : हिंस्र प्राणी वासरे-कोकरे उचलतात. अर्धवट खाल्लेल्या शवावर विष टाकले तर एकदाचा प्रश्न मिटेल?

विष टाकणे अनेक देशांत गुन्हा आहे आणि त्याने प्रश्नही मिटत नाही. विषारी शवावर आधी गिधाडे, गरुड, कोल्हे आणि तुमचीच कुत्री येतात.

रात्री सर्व जनावरे, विशेषतः पिले आणि व्यायला आलेल्या माद्या, वरून झाकलेल्या भक्कम वाड्यात बंद करा. व्यायल्यावर पडलेली वार आणि मेलेले पिलू लगेच पुरा. त्या वासानेच शिकारी येतात. लहानपणापासून कळपात वाढवलेली राखणदार कुत्री फार उपयोगी पडतात. मात्र त्या कुत्र्यांना रेबीज आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग) यांची लस टोचलेली हवी, त्यांना जंतनाशक वेळच्या वेळी हवे, आणि त्यांना कच्चे मांस-काळीज घालू नका. १९९४ मध्ये आफ्रिकेत, टांझानियातल्या सेरेंगेटीत कुत्र्यांच्या डिस्टेंपरने तिथले सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. बिनलसीचे कुत्रे रानात नेणे म्हणजे रोग रानात नेणे. हल्ला झाला तर फोटो काढून वनखात्याला त्याच दिवशी कळवा. दोन आठवड्यांनी केलेल्या तक्रारीतून कोणता प्राणी होता हेही कळत नाही.

प्रश्न : कुरणातली झाडे-झुडपे काढली तर गवत वाढेल का?

थोडे वाढेल, आणि उन्हाच्या दिवसांत दूध व वजन त्याहून जास्त घटेल. झाडे ठेवा, पण एकच झाड ठेवू नका. एकट्या झाडाखाली सगळा कळप दिवसभर बसतो, सगळे शेणमूत तिथेच साचते, मुळे तुडवली जातात आणि उरलेले कुरण उपाशी राहते. सावली विखुरलेली हवी. बांधावरची झुडपे एका वर्षी सगळी छाटू नका. दरवर्षी एक बाजू छाटा, म्हणजे घरट्यांना आणि फळे खाणाऱ्या पाखरांना काही तरी उरते. नवी झाडे लावण्याआधी जनावरांना विषारी जात तर नाही ना, हे विचारून घ्या.

प्रश्न : जनावरे ओढ्यावर पाणी पितात. नैसर्गिकच आहे, मग अडवायचे कशाला?

काठ कोसळतो, पाणी गढूळ होते, शेण खालच्या गावाच्या पाण्यात जाते आणि चिखलातल्या गोगलगायींमधून यकृताच्या कृमी तुमच्याच जनावरांत परत येतात. शक्य असेल तर काठाला कुंपण घालून पाणी टाकीत आणा. नाहीच जमले तर एकाच ठिकाणी दगड-मुरुमाचा पक्का उतार करा. काठावरचे गवत-झुडूप दोन-तीन हंगामांत परत येते. टाकीत एक खडबडीत फळी तिरकी सोडा. पाणी प्यायला आलेली पाखरे, खारी, बेडूक टाकीत बुडून मरतात आणि ते पाणी मग जनावरांनाही अपायकारक होते. टाकी कुठे बसवावी यासाठी जलसंधारणाचे काम करणाऱ्याला उतार दाखवा.

प्रश्न : गवत कापताना घरट्यांतली पिले मरतात. उपाय?

मधून सुरुवात करा आणि बाहेरच्या कडेकडे कापत जा, म्हणजे पाखरांना पळायला वाट राहते. घरटे दिसले तर भोवतीचा तुकडा सोडा. विणीचा हंगाम स्थानिक पक्षी अभ्यासकाला विचारून कापणी शक्य तितकी पुढे ढकला.

प्रश्न : बाहेरून आणलेला वाळला चारा जनावरांनी आनंदाने खाल्ला. त्यांचे शेणखत वाफ्यात घातले, तर वाल-टोमॅटोची पाने सुरळीसारखी वळली. रोग कोणता?

बहुधा रोग नसावा, तणनाशक असावे. अमिनोपायरॅलिड, क्लोपायरॅलिड ही रुंद पानांच्या तणांवरची औषधे गवताला काही करत नाहीत, जनावराला सहसा त्रास देत नाहीत, पण आतड्यातून तशीच बाहेर पडतात आणि कुजलेल्या खतातही महिनोन्‌महिने टिकतात. ब्रिटनमध्ये २००८ मध्ये बागायतदारांच्या अशाच तक्रारींवरून अमिनोपायरॅलिडची विक्री काही काळ थांबवावी लागली होती.

खात्री करून घ्या. काही कुंड्यांत हे खत मिसळलेली माती, काहींत खत नसलेली माती घ्या, दोन्हींत वालाचे बी पेरा आणि तीन-चार आठवडे पाहा. खताच्या कुंड्यांतलीच पाने वळली तर ते खत भाजीला वापरू नका. मातीच्या संपर्कात ते हळूहळू विघटित होते, म्हणून गवताच्या कुरणावर पातळ पसरणे बरे. इथून पुढे चारा विकत घेताना त्यावर काय फवारले होते हे लेखी मागा. विक्रेता द्यायला तयार नसेल तर तो चारा घेऊ नका. शेंगवर्गीय झाडे या औषधांनी आधी मरतात, आणि कुरणात फुकट नत्र आणणारी तीच असतात. म्हणून स्वतःच्या कुरणात तण दिसले की फवारा मारण्याआधी कृषी तज्ज्ञाशी बोला.

प्रश्न : एक कंपनी म्हणते, तुमच्या कुरणात कार्बन साठतो, त्याचे पैसे देऊ, आणि गुरे पाळल्याने हवाच शुद्ध होते. सही करू का?

अजून नाही. चांगल्या चराईने मातीत कार्बन वाढतो हे खरे आहे. उजाड जमिनीत तो सुरुवातीला भरभर वाढतो, नंतर मंदावतो आणि काही दशकांत थांबतो. दुष्काळ पडला किंवा कुरण नांगरले तर साठलेला कार्बन परत हवेत जातो. दुसरीकडे, रवंथ करणारे जनावर मिथेन सोडते. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो, आणि हवेत साधारण बारा वर्षे टिकतो. जनावरे आहेत तोवर तो निघत राहणार, मातीचा साठा मात्र कधीतरी भरणार. त्यामुळे ‘गुरांनी हवा शुद्ध होते’ हे वाक्य विक्रीसाठीचे आहे.

करारात चार गोष्टी शोधा. किती वर्षांचे बंधन आहे. मातीचे नमुने प्रत्यक्ष घेणार की फक्त संगणकावर अंदाज बांधणार. नमुने निदान ३० सेंटिमीटर खोलीपर्यंत आणि मातीची घनता मोजून घेणार का. आणि दुष्काळात कार्बन घटला तर परतफेड कोणाच्या माथी. यातली एक गोष्ट जरी स्पष्ट लिहिलेली नसेल तरी कागद परत करा. लिहिलेले असेल तरी आधी मृदाशास्त्रज्ञाला आणि मग वकिलाला दाखवा. ‘आजच सही केली तर जादा दर’ असे ते सांगत असतील, तर त्या दिवशी सही करू नका.